नेट गेलं, पण कुणामुळे?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत नेटवर्क एसटीसारखं असतं. येतं, जातं, वाट बघायला लावतं. याच पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पानं टीव्हीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून गावांपर्यंत इंटरनेट नेऊन पाहिलं. पण लहर कितीही लांब पोचली, तरी शेवटी असतो एक स्वस्त राउटर. अशा असंख्य राउटरांत लिनक्स चालतं आणि वायरीतून आलेलं पॅकेट वायफायकडे ढकलायचं काम त्यातला ‘ब्रिज’ करतो.

समजा, हा ब्रिज वेगवान करणारा पॅच कुणी पाठवला. युक्ती नवी नाही. राउटिंगसाठी ती २०१८च्या ४.१६ आवृत्तीपासून कर्नेलमध्ये आहे. एका जोडणीची सुरुवातीची पॅकेटं नीट तपासायची आणि ओळख पटली की पुढची आडवाटेनं सोडायची. कंडक्टर रोजच्या पासवाल्याला सोडतो, तसंच. राउटरच्या अशक्त प्रोसेसरवरचा भार हलका होतो.

फायदा आकड्यांत दिसतो, धोका दिसत नाही. मधेच फायरवॉलचा नियम बदलला तर? फोन एका वायफायवरून दुसऱ्यावर गेला, तर पॅकेटं जुन्याच दारात पडत राहतील का?

पॅच तपासणारा ‘रिव्ह्यूड-बाय’ लिहून आपलं नाव देतो. कर्नेलचेच नियम सांगतात की ही हमी नव्हे. शंका मांडल्या, उत्तरांनी समाधान झालं, बदल घेण्याजोगा वाटतो, एवढाच तिचा अर्थ. मग जबाबदारी संपली? मला तसं वाटत नाही. हमी निकालाची असते, जबाबदारी शोधण्याची. मोखाड्यातल्या एखाद्या मुलीचा परीक्षेचा फॉर्म अडकला, तर ती ‘नेट गेलं’ एवढंच म्हणेल. तिची तक्रार कर्नेलपर्यंत पोचणारच नाही. म्हणून तिची बाजू तपासणाऱ्यानंच आधी मांडायची.

पण अडवून धरणंही निर्दोष नसतं. ‘अजून खात्री करतोय’ म्हणणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. किंमत मात्र मंद राउटरपुढे ताटकळणारे मोजतात. म्हणून तपासणाऱ्यानं सुरुवातीलाच सांगावं, कोणत्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की सही करेन. त्या यादीत एक प्रश्न हवाच: हे सगळ्यात स्वस्त राउटरवर चालवून पाहिलंय का?