सशाची भीती आणि सशाचं पोट

पोशीर नदीच्या खोऱ्यात, कर्जत-नेरळच्या पट्ट्यात, उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखालची शेड त्याहून तापते. ससेपालनाचा हिशेब मांडताना इथे पिल्लं, खाद्य, पिंजरे सगळं धरलं जातं. सशाच्या भीतीला मात्र रकाना नसतो. माझ्या मते तोटा नेमका तिथूनच सुरू होतो.

सशाला अंगभर घाम येत नाही. मोठ्या कानांतून उष्णता बाहेर टाकायची आणि धापा टाकायच्या, एवढंच त्याच्या हाती. ऊन, कुत्र्याचं भुंकणं, वरातीतला डीजे, अनोळखी हात, या सगळ्याचा त्याच्या शरीराला एकच अर्थ कळतो: जिवाला धोका. मग ॲड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसोल रक्तात उतरतं. ही रसायनं पळण्यासाठी आहेत. मोकळा ससा पळून बिळात शिरला की ती ओसरतात. पिंजऱ्यातल्याला बीळ नाही, म्हणून त्याची भीती दिवसचे दिवस रेंगाळते.

तिचा मार पोटावर बसतो. सशाचं सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, जठरापेक्षा कितीतरी मोठं. तिथले जिवाणू चारा आंबवतात, त्याच्या मऊ लेंड्या बनतात आणि ससा त्या परत खाऊन प्रथिनं व ब जीवनसत्त्वं मिळवतो. हे काम निवांतपणी चालतं. भीतीने आतड्याची हालचाल मंदावली की चारा साचतो, आम्लता बिघडते, बॅक्टेरॉइड्ससारखे उपयोगी जिवाणू मागे पडतात आणि दबून असलेले क्लॉस्ट्रिडियम, ई. कोलाय हे घातक जिवाणू उचल खातात. नुकतंच दूध सुटलेली पिल्लं यात आधी जातात. शिवाय जिवाणूंना यजमानाच्या भीतीची रसायनं थेट कळतात. ॲड्रेनलिनचं भावंड असलेलं नॉरॲड्रेनलिन मिळालं की ई. कोलाय झपाट्याने वाढतो, हे संशोधक मार्क लाइट यांनी प्रयोगशाळेत 1992 साली दाखवलं.

आणि आपण काय करतो? पिल्लं हगायला लागली की अँटिबायोटिक आणतो. अँपिसिलिन किंवा लिंकोमायसिन तोंडावाटे दिलं तर उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियमला रान मोकळं मिळतं आणि ससा औषधानेच दगावतो. पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय गोळी देणं हा सशावर अन्यायच आहे.

त्यापेक्षा आधी भीतीच कमी करा: पत्र्यावर गवत अंथरा, पिंजऱ्यात लपायला खोकं ठेवा, कुत्र्यांना लांब ठेवा. आणि दूध तोडणं, खाद्य बदलणं, पिल्लांना गाडीत घालून हलवणं ही तिन्ही कामं एकाच आठवड्यात कधीही करू नका.