जन्माला घालणाऱ्याचे देणे

पॉमेरेनियन, पग, ल्हासा अप्सो अशा लहान जातींच्या कुत्र्यांची पैदास करताना पैशांपेक्षा वेळेची ओढाताण जास्त होते. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. विण्याच्या साधारण एक दिवस आधी कुत्रीच्या अंगाचे तापमान उतरते. पण कळा रात्री येतील की कचेरीच्या वेळेत, हे त्यावरून कळत नाही. पगच्या पिल्लाचे डोके मोठे असल्याने ते अडते आणि कित्येकदा शस्त्रक्रिया करावी लागते. पिल्लांचे डोळे १० ते १४ दिवस मिटलेले असतात, अंगातली ऊब त्यांना स्वतः राखता येत नाही. आईला दूध नसेल तर दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, आणि एवढ्याशा जिवाची रक्तातली साखर पाजणी चुकली की घसरते. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत सकाळी शाळेत वा बँकेत हजर होणाऱ्याने हे कसे निभवायचे, हा व्यवहाराचा प्रश्न झाला. निभणार नसेल तर सुरू करावे का, हा धर्माचा.

याच हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर गुरू लाभले, असे परंपरा सांगते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तूप घेऊन धावले, ही कथा भूतदयेचा दाखला म्हणून घरोघरी सांगतात. पण ते कुत्रे आपसूक आले होते. पैदास करणारा जीव मागवून घेतो, तेव्हा त्याने दिलेले दूध-पाणी दयेच्या खात्यात मांडता येत नाही. ते त्याच्यावरचे ऋण आहे.

जैन विचार इथे अधिक काटेकोर आहे. शिरड शहापूरला तीर्थंकर मल्लिनाथांचे दिगंबर मंदिर आहे, त्यामुळे तो या भागाला परका नाही. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाध आणणारे दोष, दिले आहेत, त्यांत जनावराला बांधणे आणि त्याचे अन्नपाणी अडवणे हे दोन येतात. हिंसेच्या व्याख्येत तर प्रमादच, म्हणजे बेसावधपणा, धरलेला आहे. दाराला कुलूप लावून कामावर जाणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण या कसोटीवर तेवढ्याने त्याची सुटका होत नाही. जैन आचार्य हेमचंद्रांनी पैशासाठी कुत्री, मांजरे, पोपट पाळणे हे श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, वर्ज्य धंद्यांतच घातले आहे. बौद्धांच्या अंगुत्तर निकायातही उपासकाला जिवांचा व्यापार निषिद्ध आहे; त्यावरची अट्ठकथा, म्हणजे टीका, मात्र त्याचा अर्थ माणसांची विक्री असा घेते.

कायद्याचे पाहिले, तर कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार १८ महिन्यांखालील मादीपासून वीण घेता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणी चालत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे रजा कोणाला मिळते? ते दिवस बहुधा घरातली बाई काढते, आणि नाव नोकरदाराचे होते. कर्तव्य दुसऱ्यावर सोपवायला हरकत नाही, पण त्याआधी तिला विचारलेले असावे. न विचारता सोपवले, तर एका जिवाचे ऋण फेडायला दुसऱ्याचे दिवस परस्पर खर्ची पडतात. ही बाजू ग्रंथांत फारशी आढळत नाही.

शिक्षकाला दिवाळीच्या सुट्टीत वीण हवी असेल, तर मिलन दोन महिने आधी व्हायला हवे. मादीचा माज मात्र साधारण सहा महिन्यांनी स्वतःच्या वेळेने येतो. तो सुट्टीशी जुळला नाही, तर त्या खेपेला मिलन टाळणे एवढे मालकाच्या हातात असते.