वहिवाट आणि न्याय

जें बापजाद्यांपासून चालत आलें तें केवळ चालत आलें म्हणूनच योग्य मानावें काय? गांवकीच्या बैठकींत हा प्रश्न कोणी ह्या शब्दांनीं विचारीत नाहीं. तेथें "रीत मोडली" एवढाच ठपका येतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घराण्यांनीं तो ऐकलेला आहे, आणि म्हणून जुन्याचा पक्ष घेणारा प्रत्येक विचार आपला वैरी आहे असें त्यांस वाटणें साहजिक आहे. तथापि त्या पक्षाचा जो सर्वांत थोर वकील झाला, त्याचें म्हणणें पुरतें ऐकल्यावांचून निकाल देणें बरें नव्हे.

एडमंड बर्क हा १७२९ सालीं आयर्लंडांत डब्लिन येथें जन्मला. बाप प्रॉटेस्टंट, आई रोमन कॅथोलिक. पुढें तो इंग्लंडांत पार्लमेंटाचा सभासद झाला. १७८९ सालीं फ्रान्सांत राज्यक्रांति झाली तेव्हां इंग्लंडांतील कित्येकांस हर्ष झाला; रिचर्ड प्राइस नामक एका पाळकानें तर लंडनांत तिची जाहीर स्तुति केली. ती बर्कला फार खुपली, आणि १७९० च्या नोव्हेंबरांत त्यानें त्या क्रांतीविषयीं आपलें प्रसिद्ध पुस्तक छापिलें. फ्रान्सचा राजा तेव्हां अद्याप जिवंत होता, शिरच्छेदांचें सत्र सुरू व्हावयाचें होतें. तरी हें सर्व अखेर एखाद्या सेनापतीच्या हातीं जाईल असें बर्कनें लिहून ठेविलें. १७९९ सालीं नेपोलियननें सत्ता घेतली, तेव्हां बर्कला मरून दोन वर्षें झालीं होतीं.

त्याचें मुख्य म्हणणें असें कीं, समाज म्हणजे हयात माणसांनीं आज करावा व उद्यां मोडावा असा व्यवहार नव्हे. जे गेले, जे आहेत आणि जे अजून जन्मावयाचे आहेत अशा सर्वांची ती भागीदारी आहे. एका माणसाची अक्कल तोकडी. पुष्कळ पिढ्यांनीं ठेंचा खाऊन जें बसविलें त्यांत, कारण सांगतां आलें नाहीं तरी, कांहीं शहाणपण असतें. बांध कोणी घातला हें ठाऊक नाहीं म्हणून शेतकरी तो फोडीत नाहीं. एक पावसाळा जाऊं देतो आणि पाणी कोणीकडे धांवतें तें पाहतो. दीर्घ वहिवाटीनें हक्क उत्पन्न होतो हें कोर्टांतलें तत्त्व बर्कनें राज्यकारभारास लाविलें. बदलच नको असें मात्र तो म्हणत नसे. १७७५ सालीं त्यानें अमेरिकेंतील वसाहतींशीं सलोखा करावा म्हणून पार्लमेंटांत भाषण केलें. आयर्लंडच्या व्यापाराचा व कॅथोलिकांचा पक्ष घेतल्यामुळें १७८० सालीं त्यास ब्रिस्टलची जागा गमवावी लागली. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हें पक्षाचें नांव इंग्लंडांत रूढ झालें तें १८३० नंतर. बर्कच्या कानांवर तें कधीं आलें नाहीं.

त्याच्या पुस्तकास टॉमस पेन ह्यानें १७९१ सालीं उत्तर दिलें. मेलेल्यांनीं जिवंतांस बांधून ठेवावें हा अधिकार त्यांस कोणीं दिला, असा त्याचा सवाल होता, आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाहीं. फ्रान्सांत मोठ्या सरदारांस पुष्कळ करांची माफी असे व भार कुणब्यांवर पडे. तीहि वहिवाटच होती. राणीच्या विटंबनेवर बर्कनें पानें लिहिलीं, कुणब्यासाठीं त्याची लेखणी फारशी ओली झाली नाहीं. येथें त्याचा तराजू झुकला, असें माझें मत आहे.

पण ह्याच मनुष्याचें दुसरें प्रकरण आपल्या देशाशीं निगडित आहे. १७८१ सालीं राघोबादादांनीं पाठविलेले हणमंतराव नांवाचे एक ब्राह्मण वकील, पारशी सोबत्यांसह, इंग्लंडास गेले होते. त्यांच्या स्वयंपाकाची व पूजेची अडचण पाहून बर्कनें बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेंतील कांचगृह त्यांस मोकळें करून दिलें. परक्याची रीत त्याला तुच्छ वाटत नसे. पुढें बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज ह्याच्यावर काशीचा राजा चेतसिंग व अयोध्येच्या बेगमा ह्यांस छळल्याचे आरोप आले, आणि १७८८ च्या फेब्रुवारींत लॉर्डांच्या सभेपुढें खटला उभा राहिला. त्यांत हेस्टिंग्जच्या बचावाचा एक मुद्दा लक्षांत घेण्यासारखा आहे: हिंदुस्थानांत राज्यकर्ते मन मानेल तसेंच वागत आले, आपणहि त्याच रीतीनें वागलों. म्हणजे वहिवाटीचीच सबब! वहिवाटीच्या ह्या कैवाऱ्यानें ती मान्य केली नाहीं. प्रथम त्यानें दाखविलें कीं ह्या देशांतील हिंदु व मुसलमान दोघांचेहि कायदे राजास बांधूनच ठेवितात. आणि मग तो म्हणाला कीं मनमानी सत्ता कोणास देतांच येत नाहीं व कोणास घेतांहि येत नाहीं, कारण राजा व प्रजा दोघेहि ईश्वराच्या एकाच न्यायाखालीं आहेत. तो न्याय देश बदलला म्हणून बदलत नाहीं.

तेव्हां बर्कच्याच मतें जुनेपणा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. ती साक्ष ऐकून घेण्याचें ओझें रीत मोडणारावर आहे. पण जिच्या खालीं शेजारी चिरडला जातो अशा रीतीचा जाब देण्याचें ओझें ती राखणारावर येतें, मग ती शंभर वर्षांची असो कीं हजार.

खटला सात वर्षें चालला, आणि १७९५ च्या एप्रिलांत हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पुढच्या वर्षीं बर्कनें आपल्या एका मित्रास पत्र लिहिलें. आपलें बाकीचें सर्व काम लोक विसरले तरी चालेल, हा खटला मात्र त्यांच्या स्मरणांत राहावा, एवढीच इच्छा त्यानें त्यांत कळविली होती.