उशिरा आलेल्याचा रोज

सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुराला कुणी देव म्हणत नाही, पण वागणूक तशीच असते. पहाटे उठून त्यांच्या दारात जायचं, चहापाण्याचं बघायचं, आणायला ऑटो पाठवायचा, वरून "मावशी, आमचं रान विसरू नका बरं" म्हणून हात जोडायचे. 2020 च्या ऑक्टोबरात तर परतीच्या पावसानं आमच्या भागाची दैनाच केली. उभ्या झाडावर शेंगांना मोड फुटलेले. हमीभाव त्या वर्षी 3880 रुपये क्विंटल होता, पण भिजलेल्या, डागी मालाला तो कोण देणार? चिखलामुळं गुत्त्यानं कुणी रान घेईना. शेवटी रोजानं बाया लावल्या. तीनशे रुपये, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. जिल्हा लातूर, पण निम्मे सोयरे नांदेडकडचे. गावात ख्रिस्ती घरं मोजून चार. निजामाच्या राजवटीत आजोबा ख्रिस्ती झाले, तेव्हापासून आमच्या घराला 'पाद्र्याचं घर' म्हणतात. आमच्यात पाद्री कुणी झाला नाही, सगळे शेतीतच राबले. महिन्यातल्या एका रविवारी तालुक्याहून पाळकसाहेब मोटारसायकलवर येतात, ओसरीत उपासना होते. बाकीचे रविवार मीच शास्त्रातला एखादा उतारा वाचतो. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला जेवढं कळतं तेवढं कळतं, उरलेलं रानात गेल्यावर कळतं. कधीकधी उलटंही होतं. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि रानात गेलं की काहीच कळत नाही.

त्या दिवशी तसंच झालं. सकाळी आठ बाया आल्या, दुपारी दोन वाढल्या. चार वाजता आभाळ भरून आलं. कापलेलं सोयाबीन रानभर पसरलेलं, बनीम लागलेली नव्हती, ताडपत्री एकच. तेवढ्यात पलीकडच्या तांड्यावरचा एक म्हातारा आणि त्याची सून धुऱ्यावर येऊन उभी राहिली. म्हातारा पायानं अधू. दिवसभर चार रानं फिरून आले होते. चिखलात असला गडी कोण लावणार? मी म्हणालो, "या, लागा कामाला." दीड तास दोघांनी पेंढ्या वाहिल्या. बनीम झाकली आणि पाऊस आला.

संध्याकाळी पडवीत पैसे वाटायला बसलो. म्हाताऱ्याची पाळी आली तेव्हा मनात तो द्राक्षमळ्याचा दाखला आला. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी दिवस मावळायला तासभर राहिलेला असताना पाचला. आणि रोज मात्र सगळ्यांना सारखाच देतो. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला दाखला. मी म्हाताऱ्याच्या हातावर तीनशे ठेवले, सुनेच्या हातावर तीनशे. खरं सांगायचं तर छाती जरा फुगली होती.

टोळीची पुढारीण, जिला सगळं गाव मावशी म्हणतं, ती उठून उभी राहिली. "हे काय करलालाव आण्णा? आमी सकाळपासून कंबर मोडली, आन् ह्यानला दीड तासाचे तीनशे?"

मी दाखल्यातल्या धन्याचं उत्तर दिलं. तुझं ठरलेलं तुला दिलं, त्यात एक पैसा कमी आहे का? मग मी माझ्या पैशातून कुणाला काय दिलं, त्यात तुझं काय गेलं?

"जात काई न्हाई," मावशी म्हणाली, "पर उद्या सकाळी आठला कोन येतंय ते बगा."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी आठला कुणी नाही. नऊला नाही. पावसानं उघडीप दिलेली, दोन एकर अजून उभं, आणि मी धुऱ्यावर एकटा रस्त्याकडं बघत. शास्त्रात तो दाखला संध्याकाळी पैसे वाटले की संपतो. दुसऱ्या दिवशी त्या मळ्यात कोण किती वाजता आलं, हे लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटली नसेल. मला मात्र त्या सकाळी तेवढंच पाहिजे होतं.

मी रागानं विचार करत होतो, आणि रागात माणूस कधीकधी बरोबर विचार करतो. मावशीचं चुकलं काय? तिच्या अंगावर दिवसभराचं ऊन गेलं होतं. कामाला मोल असतं, आणि ते मोल जास्त राबलेल्याला जास्त मिळावं, ह्यात पाप काय आहे? देव न्यायी आहे म्हणायचं आणि त्यानं हिशोब ठेवू नये असंही म्हणायचं, हे कसं जमायचं?

मग आई आठवली. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई-बाप खडी फोडायच्या कामावर, मी पाटी उचलायला. पैसे मोजमापानं मिळायचे, जेवढी खडी तेवढे पैसे. आईला त्या महिन्यात ताप होता, हातोडा उचलेना. आठवड्याच्या मोजणीला तिचा ढीग सगळ्यांएवढा भरला. बापाला काही कळेना. शेजारच्या दोन बाया जाता-येता आपल्या ढिगातली एकेक पाटी तिच्या ढिगावर टाकत होत्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनी दाखलाही कधी ऐकला नसेल. पण त्यांनी स्वतःच्या मजुरीतून दिलं. मी दिलं होतं ते माझ्या मालाच्या गरजेतून. पाऊस येत नसता तर त्या म्हाताऱ्याला मी लावला असता का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दहाला टोळी आली. पुढं मावशी आणि मागं तो म्हातारा, सुनेसकट. तिनंच त्यांना तांड्यावरून आणलं होतं. "आज आमी समदेच उशिरा आलेले," ती हसून म्हणाली, आणि दिवस मावळून अंधार पडेपर्यंत कुणी विळा खाली ठेवला नाही. दुपारी भाकरी सोडली तेव्हा तिनं मला ठेचा दिला आणि त्याबरोबर बोलणंही दिलं.

"आण्णा, परक्या म्हाताऱ्याला दीड तासाचे तीनशे देता, लई चांगलं हाय. मंग धाकल्या दादाला कामून तरसवलालाव?"

घास तोंडातच राहिला.

माझा धाकटा भाऊ किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, 1994 ला, पुण्याला गेला. तिथं एका कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला आणि मे महिन्यात बायको-लेकरं घेऊन, ट्रकात बसून तो गावी आला. कुडाची खोली त्याला दिली. जमीन आठ एकर, सातबाऱ्यावर दोघांची नावं. निम्मी त्याची, त्यात वाद नव्हताच. वाद मनातला होता. सव्वीस वर्षं ढेकळं मी फोडली. 1998 ला कर्ज काढून विहीर मी खोदली आणि नऊ वर्षं हप्ते भरले. 2016 ला लातूरला रेल्वेनं मिरजेहून पाणी आणायची वेळ आली, तेव्हा त्याच विहिरीच्या तळातलं हंडा-हंडा काढून बैल जगवले. आता हा येणार आणि अर्ध्या रानासकट अर्धं पाणीही मागणार? त्यानं मागितलं नव्हतं. 'दसरा झाल्यावर बघू' असं मीच पाच महिने लांबवत होतो. विहिरीचा खर्च मी एका वहीत मांडून ठेवला होता, दगड फोडणाऱ्याच्या मजुरीसकट.

म्हणजे दाखल्यातला धनी व्हायला निघालेला मी, घरात मात्र पहाटेपासून राबून शेवटी कुरकुरणारा मजूर होतो. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरलाही मीच. तो थोरला धाकटा परत आला तेव्हा कुठं होता? शेतात. मी ती गोष्ट किती वेळा वाचली असेल, पण हा शब्द कधी टोचला नव्हता. माझा भाऊ तर उधळाही नाही. तो कारखान्यात राबला, लेकरं शिकवली, बापाच्या दवाखान्याला पैसे पाठवले. त्याचं राबणं माझ्या डोळ्यांसमोर झालं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. चार रानं फिरून कुठंच काम न मिळालेल्या म्हाताऱ्याचा दिवस तरी काय मोकळा गेला होता? उन्हात तोही होता, फक्त दुसऱ्याच्या धुऱ्यावर.

आमच्या घरात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची एक जुनी प्रत आहे, पानं सुटलेली. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 ला. पाच वर्षं उशिरा, तेही रडून, भांडून, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. आज कवी टिळकांचं नाव लोक मानानं घेतात, पण खेड्यापाड्यात वाचली जाते ती उशिरा आलेली बाई. कोण आधी आलं ह्याचा हिशोब तिथं कुणी मांडत नाही.

सगळं कळून माणूस सुधारतोच असं नाही. दसरा झाला, मोजणी झाली, धुरा पडला. विहीर माझ्या वाट्यात आली. पाणी निम्मं द्यायचं मी कबूल केलं, म्हणजे बायकोनं करायला लावलं. पण शेतीची लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. मी काय केलं? दिवसाचा आठवडा माझ्याकडं ठेवला आणि रात्रीचा त्याला दिला. त्याला रात्रपाळीची सवय आहेच, असं स्वतःला समजावलं. डिसेंबरच्या थंडीत तो हरभऱ्याला पाणी देत होता आणि मी गोधडीत. तिसऱ्या रात्री झोप लागेना. बॅटरी घेऊन गेलो. तो चिखलात उघड्या पायांनी उभा, कारखान्यातलं जुनं जाकीट अंगात. मला बघून दचकला. "काय झालं दादा, मोटार बंद पडली का?"

मी म्हणालो, "न्हाई. दे खोरं."

पहाटेपर्यंत दोघांनी दारं धरली. वाटणीबद्दल एक शब्द निघाला नाही. पुढच्या आठवड्यापासून दिवस आणि रात्र दोन्ही अर्धी-अर्धी वाटून घेतली.

त्यानंतर वर्षभरानं, सोयाबीन विकल्यावर, तो घरी आला आणि पाच हजार रुपये पुढं ठेवले. म्हणाला, विहिरीच्या खर्चातला माझा निम्मा वाटा, दरवर्षी थोडा थोडा देईन. वहीचं त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी नको म्हणायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडं बघून वाटलं, हा भीक घेणारा नाही, ह्याला फुकटाचं पाणी नको आहे. मी पैसे घेतले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पैसे घेणं बरोबर होतं का? पाळकसाहेबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, तुमच्या भावालाच विचारा. ते मी अजून विचारलेलं नाही. थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे त्या गोष्टीतही लिहिलेलं नाही. दरवर्षी तो पाच हजार आणून देतो, मी घेतो आणि ट्रंकेत त्या वहीखाली ठेवतो. एकही नोट मोडलेली नाही. त्याच्या थोरल्या लेकीचं लग्न यंदा वैशाखात ठरायचं चाललंय.