शिव मोठा की शक्ती?

गोंधळी जन्माने होतो, शाहीर होण्याला तशी अट नाही. गोंधळ्यांच्या रेणुकराई आणि कदमराई या शाखा माहूरच्या नि तुळजापूरच्या देवीशी बांधलेल्या. संबळ, तुणतुणे, पेटती दिवटी, गळ्यातली कवड्यांची माळ, सगळे वंशपरंपरेने आलेले. १६५९च्या अफजलखान वधावर पोवाडा रचणारा अज्ञानदास याच परंपरेतला मानतात. आज मात्र त्याचीही ओळख शाहीर अशीच.

‘शाहीर’ हा अरबी ‘शाइर’चा मराठी अवतार. मुळात त्यात जाणण्याचा, उमगण्याचा अर्थ आहे. मराठीत आल्यावर त्याने ना जात विचारली, ना धर्म. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, रामजोशी सोलापूरचे ब्राह्मण.

यांच्या फडावर शृंगार रंगे, हे सगळ्यांना ठाऊक. पण भेदिक, म्हणजे कोडी घालणारी, लावणी सुरू झाली, डफावर थाप पडली, की थेट सांख्यांचा प्रश्न उभा राही: पुरुष थोर की प्रकृती? फडांचे पक्ष दोन: तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या. शक्तीवाचून शिव हलणार कसा, असे एकाने विचारायचे. शक्तीला आधार कोणाचा, असे दुसऱ्याने. कोडे पुराणातले, तेव्हा उत्तरही पुराणातूनच काढावे लागे. प्रतिपक्षाचे शास्त्र पाठ नसेल, तर भर सभेत फजिती ठरलेली. वेदाध्ययनाचा अधिकार नाकारलेली माणसे अशी रात्रभर जीव आणि मायेवर वाद घालत.

पक्ष ठरे तो गुरूवरून. राजस्थानातल्या तुर्रा-कलंगी या लोकनाट्याची आख्यायिका याच अंगाने जाते. चंदेरीच्या राजाने तुकनगीर गोसाव्याला तुरा दिला, शाहअली फकिराला कलगी. म्हणजे देवीची बाजू लढवायला उभा राहिला तो फकीर!

ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात शिव-शक्तीला एकरूप करून हा भेद पुसून टाकला. फडाला मात्र तो भेद हवा असतो, कारण निकाल कायमचा लागला तर पुढची बारी, म्हणजे पुढचा सामना, कशावर उभी राहणार? रत्नागिरी जिल्ह्यात आणि मुंबईतल्या कोकणी माणसांत शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे कलगी-तुऱ्याच्याच, बाऱ्या अजून होतात. गणेशोत्सवात पायांत चाळ बांधून गोलात नाचणारे असतात, मध्ये गाणारे शाहीर, आणि समोरच्या पक्षाला टाकलेला सवाल अजूनही शिवशक्तीचाच असतो.