किंमत आधी ठरवावी लागते

१ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्यात तयार झालेले कोव्हिड लशीचे दहा लाख डोस जोहान्सबर्गच्या विमानतळावर उतरले. ते स्वीकारायला राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा स्वतः हजर होते. दक्षिण आफ्रिकेने सीरम इन्स्टिट्यूटला एका डोसचे ५.२५ डॉलर कबूल केले होते. युरोपीय संघाला हीच ऑक्सफर्डची लस ॲस्ट्राझेनेकाकडून १.७८ युरोला, म्हणजे साधारण २.१५ डॉलरला मिळत होती. युरोपचा हा दर कुणी जाहीर केला नव्हता. बेल्जियमच्या अर्थसंकल्प खात्याच्या राज्यमंत्री एव्हा डी ब्लेकर यांनी डिसेंबर २०२०मध्ये दरांचा तक्ता ट्विटरवर टाकला आणि लगेच काढला. पण तोवर तो सगळीकडे पोचला होता.

गरीब देशाला अडीचपट किंमत का? दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याला मिळालेले उत्तर असे की, श्रीमंत देशांनी संशोधनात पैसे घातले आहेत, म्हणून त्यांना सवलत. हे उत्तर मला आजही अस्वस्थ करते. याच लशीच्या चाचणीत दक्षिण आफ्रिकेतले सुमारे दोन हजार लोक सामील झाले होते. जून २०२०मध्ये सोवेटोत पहिली सुई टोचली गेली, तेव्हा ही लस चालेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हते. पैसा घालणे ही गुंतवणूक ठरते आणि स्वतःचा दंड पुढे करणे ठरत नाही, असा हिशेब कोणत्या वहीत मांडला गेला?

इथे सीरमला लोभी म्हणून मोकळे होता येईल. पण याच कंपनीच्या पुण्यातल्या हडपसरच्या कारखान्यात त्याच्या दहा वर्षे आधी नेमकी उलटी गोष्ट घडली होती, आणि ती पुण्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या आडव्या पट्ट्यात कोरड्या, धुळीच्या महिन्यांत मेनिंजायटिसच्या साथी येत. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले, २५ हजार दगावले. वाचलेल्यांत बहिरी झालेली, अपंग झालेली मुले पुष्कळ. लस बनवण्याचे तंत्र जगात उपलब्ध होते. श्रीमंत देशांतल्या मुलांना ‘सी’ प्रकाराची लस मिळतही होती. आफ्रिकेला हवी होती ‘ए’ प्रकाराची, आणि तिचे गिऱ्हाईक गरीब. २००१मध्ये गेट्स प्रतिष्ठानने सात कोटी डॉलर दिले. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी मिळून प्रकल्प उभा केला. प्रकल्पप्रमुख डॉ. मार्क लाफोर्स आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेले, तेव्हा त्यांना एकच गोष्ट निक्षून सांगण्यात आली: डोस अर्ध्या डॉलरपेक्षा महाग असेल तर आम्हाला ती लस घेता येणार नाही.

मोठ्या कंपन्यांना हा आकडा परवडेना. मग प्रकल्पाने कामाची विभागणीच बदलली. जिवाणूचे आवरण प्रथिनाला जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी दिले, ते पुण्यात आणले गेले, आणि सीरमने अर्ध्या डॉलरच्या आत लस देण्याचे मान्य केले. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोमध्ये ‘मेनआफ्रिव्हॅक’ या नावाने तिचे लसीकरण सुरू झाले. पुढे ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उन्हाळ्यात चार दिवस शीतपेटीबाहेर टिकते हेही सिद्ध झाले. वीज नसलेल्या गावांना याचे मोल किती, ते सांगायला नको. तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली. २०१७नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ प्रकाराचा रुग्ण आढळलेला नाही.

कंपनी तीच, मग फरक कशात? माझ्या मते फरक क्रमात आहे. मेनिंजायटिसच्या वेळी किंमत आधी ठरली, तिच्या मापाने लस घडवली गेली, आणि पैसा व तंत्र त्या अटीवर दिले गेले. कोव्हिडच्या वेळी लस आधी आली आणि किंमत ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे ठरली. गरीब देशांना लस पुरवण्यासाठी उभारलेल्या ‘कोव्हॅक्स’ योजनेला सीरमचा डोस तीन डॉलरला मिळणार होता, कारण २०२०मध्येच त्या बोलीवर आगाऊ रक्कम मोजली गेली होती. एप्रिल २०२१मध्ये केंद्र सरकारला तो १५० रुपयांना मिळत होता. त्याच महिन्यात राज्यांना ४०० रुपये सांगितले गेले, आठवड्याभरात ते ३०० झाले, आणि खासगी रुग्णालयांना ६००. सर्वोच्च न्यायालयाने या धोरणावर कठोर प्रश्न विचारले, तेव्हा कुठे जूनमध्ये ते बदलले. एकाच देशात, एकाच कुपीवर हे घडले, तर देशादेशांत काय घडत असेल!

ऐपतीप्रमाणे वेगवेगळे दर ठेवण्याच्या तत्त्वाला माझा विरोध नाही. श्रीमंताने जास्त द्यावे, गरिबाने कमी, यात गैर काय? ‘गावी’ ही संस्था २०००पासून याच तत्त्वावर सर्वांत गरीब देशांसाठी लशी घेते, आणि त्यामुळे कोट्यवधी मुले वाचली. अडचण आहे ती मधल्या देशांची. ऐपत मोजली जाते दरडोई उत्पन्नाने. सरासरीत दक्षिण आफ्रिका ‘उच्च-मध्यम’ ठरते आणि गावीच्या यादीबाहेर पडते. पण जगात सर्वांत विषम उत्पन्न असलेल्या देशांत तिची गणना होते. सरासरी उत्पन्न सोवेटोतल्या आईच्या हातात येत नाही. न्यूमोनियाच्या लशीसाठी मोरोक्को आणि ट्युनिशिया फ्रान्सहून जास्त किंमत मोजतात, असे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने २०१५मध्ये दाखवून दिले होते. तत्त्व ऐपतीचे सांगायचे आणि सौदा घासाघिशीने करायचा, तर ज्याच्याकडे मोठी मागणी आणि निष्णात वकील, तोच स्वस्तात घेऊन जातो.

आणि हे सौदे गुप्त असतात. दक्षिण आफ्रिकेचे करार उघड व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडला. ‘हेल्थ जस्टिस इनिशिएटिव्ह’ या संस्थेने प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात खटला जिंकला त्यानंतर. जनतेच्या पैशाने घेतलेल्या लशीची किंमत जनतेला कळण्यासाठी न्यायालय लागावे, हे मला किमतीइतकेच अन्यायाचे वाटते. जॉन्सन अँड जॉन्सनशी झालेल्या करारात निर्यात रोखण्याचा हक्कही त्या सरकारने सोडून दिला होता. २०२१मध्ये देश तिसऱ्या लाटेत होता आणि तिथल्याच गेबेर्हा शहरात कुप्यांत भरलेली लस युरोपला जात होती.

स्वस्ताईने संशोधन आटेल, हा आक्षेप खोटा नाही. लस बनवणाऱ्याला खर्च भरून काही उरलेच पाहिजे. पण ऑक्सफर्डच्या लशीमागचा पैसा मुख्यतः सार्वजनिक होता. भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिन लशीवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने खर्च केला. परिषदेच्या कंपनीशी झालेल्या करारात विक्रीवर स्वामित्वशुल्क आणि देशांतर्गत पुरवठ्याला प्राधान्य असल्याचे सरकारने संसदेत सांगितले. तरी भारत बायोटेकने राज्यांना पहिला दर सांगितला तो ६०० रुपये. शुल्कामुळे तिजोरीत थोडी भर पडते. ज्या राज्याला लस विकत घ्यायची आहे, त्याला त्याचा उपयोग नाही. सार्वजनिक पैसा देतानाच किमतीची कमाल मर्यादा करारात लिहून घेतली पाहिजे, आणि तो करार सर्वांना वाचता आला पाहिजे. किंमत बांधली म्हणजे लस हाती येतेच असे नाही, हे खरे. २०२१मध्ये भारताने निर्यात थांबवली तेव्हा वीस लाख डोस विकत घेतलेल्या नेपाळच्या हाती दहा लाखच आले, आणि तिथले वृद्ध दुसऱ्या डोसची वाट पाहत राहिले. कारखाने एकाच देशात साठले की हे पुन्हा होणार. म्हणून तंत्र देण्याची अटही त्याच कागदावर हवी.

हे सारे आत्ताच बोलायचे, कारण क्षयरोगाच्या ‘एम-७२’ या नव्या लशीची अंतिम टप्प्यातली चाचणी मार्च २०२४मध्ये सुरू झाली, तीही दक्षिण आफ्रिकेत. केनिया, मलावी, झांबिया आणि इंडोनेशियातलेही लोक तिच्यात आहेत. एकूण वीस हजारांपर्यंत. खर्च गेट्स प्रतिष्ठान आणि वेलकम या संस्थांचा. मूळ लस जीएसकेची. जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत, त्यामुळे ही लस यशस्वी झाली तर तिची सर्वांत मोठी मागणी आपल्याकडूनच जाईल. निकाल लागल्यावर सौद्याला बसणाऱ्या देशाच्या हातात फारसे काही उरत नाही. भारत, दक्षिण आफ्रिका आणि इंडोनेशिया यांनी निकालाची वाट न पाहता एकत्र बसून, क्षयरोग जिथे आहे तिथल्या सरकारांना परवडेल असा आकडा आजच जाहीरपणे मागावा.