आजची आयत (४९:६): करणी कोणी केली?



आज सूरह हुजुरातची सहावी आयत. तिचा मतलब असा: भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर आधी खात्री करा. नाहीतर नकळत कुणावर जुलूम होईल आणि मग पस्तावाल.

आता विरार लोकलमधली 'बाबा बंगाली'ची स्टिकर्स आठवा. धंदा बसला, मूल सारखं आजारी पडलं, की कुणीतरी तो नंबर लावतं. बाबा सांगतो, "जवळच्याच बाईने करणी केलीय." मग नाव कुणाचं निघतं? विधवा चाचीचं, नाहीतर एकट्या शेजारणीचं. आपल्याच पालघरच्या पाड्यांवर अशा बाईला 'भुताळी' म्हणतात.

कुणी विचारेल, "पण इस्लाममध्ये जादूची सजा मौत आहे ना? सौदीत २०११ मध्ये एका बाईचा शिरच्छेदही झाला." हो, झाला. बहुतेक फकीहांनी ही सजा मानलीही आहे. पण आपण कोकणी मुस्लिम बहुतांश शाफई. इमाम शाफईंचं म्हणणं असं की आधी त्या माणसालाच विचारा, तू नेमकं काय करतोस? त्यात उघड कुफ्र असेल आणि तो तौबा करत नसेल, किंवा आपल्या जादूने माणूस मेला हे तो स्वतः कबूल करत असेल, तरच मौतचा प्रश्न येतो. तोही काझीसमोर. शक असेल तर हद्द टळते, हा फिकहचा जुना कायदा. मोहल्ल्याला सजा द्यायचा हक्क कुणीच दिलेला नाही.

आणि आपले नबी (स.)? बुखारी शरीफमध्ये आहे, लबीद बिन आसमने त्यांच्यावर जादू केली. कंगवा आणि केस विहिरीत लपवले. अल्लाहने त्यांना सगळं कळवलं, शिफा दिली. नबींनी (स.) ती विहीर बुजवली. लोकांत फितना नको म्हणून गोष्ट वाढवली नाही, लबीदचा बदलाही घेतला नाही.

विचार करा. ज्यांना नाव खुद्द अल्लाहकडून कळलं, त्यांनी हात उचलला नाही. आपल्याला तर ते फोनवरच्या बाबाने सांगितलंय!

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही कुणावर करणीचा ठपका ठेवून तिचं जगणं मुश्कील करणं गुन्हा आहे. सजा ६ महिने ते ७ वर्षं कैद, शिवाय दंड.

आजचा अमल: घरात असं नाव निघालं तर गप्प बसू नका. "कोणी पाहिलं?" एवढं विचारा. मुलाला डॉक्टरकडे न्या, सूरह फलक आणि नास पढा. आणि त्या चाचीला आवर्जून सलाम करा.

या अल्लाह, आमच्या जिभेपासून बेगुनाहांना वाचव. आमीन.